नकाशा जुना, हिशेब नवा : 'हार्टगोल्ड' आणि 'सोलसिल्व्हर' खेळताना नेमके काय बदलते

आझेलिया नावाच्या छोट्या गावातल्या जिममध्ये, म्हणजे पोकेमॉनच्या लढायांच्या आखाड्यात, बग्सी हा किडेवेडा मुलगा खेळाडूची वाट पाहत उभा असतो. 'पोकेमॉन गोल्ड' या १९९९ सालच्या खेळात त्याच्याकडचा सायथर, म्हणजे विळ्यासारखे हात असलेला एक हिरवा उडता कीटक, 'फ्युरी कटर' नावाचा वार करत असे. या वाराची ताकद पहिल्या फटक्याला अवघी १० असायची आणि तो सलग लागत गेला तरच ती दुप्पट होत जायची, त्यामुळे दोन-तीन फटक्यांच्या आत सायथरला गारद केले की काम भागायचे. दहा वर्षांनी याच खेळाची नवी आवृत्ती आली. गाव तेच, जिम तीच, मुलगा तोच आणि सायथरही तोच होता. पण तो आता 'यू-टर्न' हा ७० ताकदीचा वार करतो आणि वार झाला की मागे सरकून दुसऱ्या साथीदाराला पुढे करतो. जुन्या आठवणीवर विसंबून निर्धास्तपणे आत शिरलेला खेळाडू बहुधा इथेच पहिल्यांदा तोंडघशी पडतो.

रीमेक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उजळलेली चित्रे आणि नव्याने वाजवलेले संगीत येते. तो बदल पाहताक्षणी दिसतो. लढाईच्या नियमांत झालेला बदल मात्र दिसत नाही. तो हरल्यावर कळतो, आणि पुष्कळदा तेव्हाही कळत नाही. मूळ 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' ही जोडी २१ नोव्हेंबर १९९९ रोजी जपानमध्ये गेम बॉयसाठी प्रसिद्ध झाली, तर 'हार्टगोल्ड' आणि 'सोलसिल्व्हर' ही जोडी १२ सप्टेंबर २००९ रोजी निन्टेन्डो डीएससाठी आली. दोन्ही गेम फ्रीक याच कंपनीने बनवल्या. मधल्या दशकात मालिकेचे नियम दोनदा मुळापासून बदलले होते. नव्या जोडीने गावे, रस्ते, माणसे आणि त्यांची भांडणे १९९९ च्या खेळातून घेतली आणि लढाईचे नियम २००६ सालच्या 'डायमंड' व 'पर्ल' या खेळांतून उचलले. जुन्या नकाशावर नवा हिशेब असे हे जोडकाम आहे, आणि या रीमेकचे बहुतेक गुण व त्याचा सर्वांत मोठा दोष, दोन्ही त्यातूनच निघतात, असे मला वाटते.

आपल्याकडे पोकेमॉनची ओळख बहुतेकांना कार्टून नेटवर्कवरच्या हिंदी मालिकेतून आणि वेफर्सच्या पाकिटात निघणाऱ्या टाझोंमधून झाली, त्यामुळे खेळ न खेळलेल्यांसाठी आधी थोडी पायाभरणी करतो. मालिकेत पिकाचू दगडी ऑनिक्सला विजेचा झटका देऊन नमवतो, कारण छतावरच्या आग विझवणाऱ्या फवाऱ्यांमुळे तो भिजलेला असतो. खेळात अशी सवलत नाही. तिथे प्रत्येक पोकेमॉनला एक किंवा दोन 'टाईप' असतात, म्हणजे तो पाण्याचा, आगीचा, गवताचा, विजेचा, जमिनीचा वगैरे असतो, आणि प्रत्येक वारालाही एक टाईप असतो. आगीचा वार गवताच्या पोकेमॉनला लागला की नुकसान दुप्पट होते, पाण्याच्या पोकेमॉनला लागला की निम्मे होते, आणि विजेचा वार जमिनीच्या पोकेमॉनला लागला तर नुकसान शून्य होते, मग तो भिजलेला असो की कोरडा. ऑनिक्स दगडाचा आणि जमिनीचाही असल्यामुळे खेळातला पिकाचू त्याला विजेने खरचटूही शकत नाही. शिवाय पोकेमॉनने स्वतःच्याच टाईपचा वार केला तर त्याची ताकद दीडपट धरली जाते. एका पोकेमॉनला एका वेळी चारच वार येऊ शकतात आणि खेळाडूला सोबत सहाच पोकेमॉन बाळगता येतात. आठ गावांतले आठ जिम लीडर हरवून आठ बॅज मिळवायचे आणि मग एलिट फोर नावाच्या चौकडीशी व शेवटी विजेत्याशी भिडायचे, हा खेळाचा सांगाडा आहे.

प्रत्येक पोकेमॉनचे सहा आकडे असतात : जीव, अटॅक, डिफेन्स, स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स आणि वेग. अटॅक आणि स्पेशल अटॅक असे दोन वेगळे आकडे का, हा प्रश्न नव्या माणसाला पडतोच. अंगाने धडक मारणे, चावणे, ओरबाडणे हे एका प्रकारचे वार; ज्वाला फेकणे, वीज सोडणे, लाट आणणे हे दुसऱ्या प्रकारचे. पहिल्यांचा हिशेब अटॅक विरुद्ध डिफेन्स असा होतो आणि दुसऱ्यांचा स्पेशल अटॅक विरुद्ध स्पेशल डिफेन्स असा. हे ऐकायला सरळ वाटते, पण मूळ खेळात ते इतके सरळ नव्हते.

मूळ खेळात वार कोणत्या प्रकारचा हे त्या वाराच्या टाईपवरून ठरत असे. आग, पाणी, गवत, वीज, बर्फ, मन, ड्रॅगन आणि अंधार या टाईपचा कोणताही वार स्पेशल. बाकी सगळे शारीरिक. त्यामुळे चावणे हा अंधाराचा वार असल्याने तो स्पेशल ठरायचा आणि भुताचा गोळा फेकणे शारीरिक ठरायचे. यात सर्वांत वाईट हाल झाले ते स्निझलचे. अंधार आणि बर्फ हे त्याचे दोन टाईप. अटॅकचा मूळ आकडा ९५, स्पेशल अटॅकचा केवळ ३५. आणि त्याच्या दोन्ही टाईपचे सगळे वार स्पेशल! म्हणजे ज्या वारांवर त्याला दीडपट फायदा मिळायचा ते सगळे त्याच्या मरतुकड्या आकड्यावर चालायचे, आणि त्याचा दणकट आकडा नुसता शोभेला राहायचा.

'डायमंड' व 'पर्ल'ने हा नियम मोडीत काढला. आता प्रत्येक वाराचा प्रकार स्वतंत्रपणे ठरवलेला असतो. नखांनी ओरबाडले तर शारीरिक, किरण सोडला तर स्पेशल, मग टाईप कोणताही असो. 'हार्टगोल्ड'मध्ये हा नियम जोटो प्रदेशात, म्हणजे 'गोल्ड'च्या जुन्या नकाशावर, प्रथमच लागू झाला, आणि त्याचा परिणाम पाहायला क्रोधाचे तळे ही सर्वांत चांगली जागा आहे. 'लेक ऑफ रेज' या नावाच्या त्या तळ्यात जुन्या खेळाप्रमाणे नव्यातही एक लाल रंगाचा ग्याराडॉस येरझारा घालत असतो, लेव्हल ३०. तो पकडता येतो आणि बहुतेक जण पकडतातच. ग्याराडॉसच्या अटॅकचा मूळ आकडा १२५ आहे, स्पेशल अटॅकचा ६०. लेव्हल ३० ला, जन्मजात आणि सरावाने मिळणाऱ्या वाढीचा भाग सोडून हिशेब केला, तर हे आकडे अनुक्रमे ८० आणि ४१ होतात. जुन्या खेळात पाण्याचा प्रत्येक वार स्पेशल असल्यामुळे हा अजस्र प्राणी पाण्याचा वार करताना त्या ४१ वर चालायचा. नव्या खेळात 'सर्फ' हा ९५ ताकदीचा वार स्पेशलच राहिला, पण 'वॉटरफॉल' हा ८० ताकदीचा वार शारीरिक झाला. ताकद आणि आकडा यांचा गुणाकार करून पाहिला की सर्फचे ३,८९५ होतात आणि वॉटरफॉलचे ६,४००. कागदावर दुबळा दिसणारा वार प्रत्यक्षात दीडपटीहून जास्त लागतो. जुन्या खेळात हे दोन्ही वार स्पेशलच होते, म्हणून तिथे सर्फ सोडून वॉटरफॉल वापरण्याचे कारण लढाईत तरी नव्हते. एका नियमाने तोच मासा वेगळा झाला.

सगळ्यांचे भले झाले असे मात्र नाही. जुन्या खेळात गोल्डनरॉड शहरातल्या दुकानातून आगीचा, बर्फाचा आणि विजेचा असे तीन ठोसे विकत घेऊन अलाकझामला शिकवणे हा हुशार खेळाडूंचा आवडता डाव होता, कारण तिन्ही टाईप स्पेशल आणि अलाकझामचा स्पेशल अटॅक १३५. नव्या नियमाने ठोसा हा ठोसा झाला, म्हणजे शारीरिक, आणि अलाकझामचा अटॅक ५०. तो डाव तिथेच संपला. बारीक हातांच्या त्या मांत्रिकाने ठोसे मारून लोकांना लोळवावे हेच मुळात विचित्र होते, त्यामुळे मला याचे फारसे वाईट वाटले नाही.

आता गोल्डनरॉडच्या जिमकडे वळू, कारण या खेळाची सर्वांत बदनाम लढाई तिथे होते. व्हिटनी ही तिसरी जिम लीडर. तिच्याकडे दोनच पोकेमॉन आहेत, आणि त्यातली मिल्टँक ही गाय पिढ्यान्पिढ्यांच्या खेळाडूंना रडवत आली आहे. तिचा 'रोलआउट' हा दगडाचा वार ३० ताकदीने सुरू होतो आणि सलग लागत गेला तर प्रत्येक पाळीला दुप्पट होतो : ३०, ६०, १२०, २४०, ४८०. त्यात 'अट्रॅक्ट' नावाचा वार करून ती विरुद्धलिंगी पोकेमॉनला मोहात पाडते, आणि मोहित पोकेमॉन निम्म्या वेळा हल्लाच करत नाही. मिल्टँक ही जात केवळ मादीच असते आणि खेळाच्या सुरुवातीला मिळणारा पोकेमॉन आठात सात वेळा नर निघतो, त्यामुळे हा मोह जवळपास सर्वांना भोवतो. जीव कमी झाला की ती दूध पिऊन निम्मा जीव परत मिळवते. म्हणजे तुम्ही मोहात अडकून दोन पाळ्या वाया घालवायच्या, तेवढ्यात रोलआउट १२० वर पोचायचा, आणि तुम्ही कसेबसे तिला अर्ध्यावर आणले की तिने शांतपणे दूध प्यायचे.

जुन्या खेळात हुशार खेळाडू इथे गॅस्टली नावाचे भूत वापरायचे. भुताला नॉर्मल टाईपचा वार लागत नाही, त्यामुळे तिची लाथ म्हणजे 'स्टॉम्प' हवेतून जायची आणि निदान एका वाराची काळजी मिटायची. नव्या खेळात ही पळवाट बुजवलेली आहे, आणि ज्या रीतीने बुजवली आहे ती मला फार आवडते. २००२ सालच्या 'रुबी' व 'सफायर'पासून प्रत्येक पोकेमॉनला एक अंगभूत गुण मिळाला होता. नव्या मिल्टँकचा गुण आहे 'स्क्रॅपी', आणि त्याचा अर्थ असा की तिचे नॉर्मल टाईपचे वार भुतांनाही लागतात. शिवाय तिच्या हातात 'लम बेरी' हे फळ आहे, त्यामुळे तिला झोपवले किंवा लुळे पाडले तरी एकदा ती फळ खाऊन ताबडतोब बरी होते. तिची लेव्हल जुन्या खेळात २० होती, नव्यात १९ आहे. म्हणजे आकड्याने ती एका पायरीने उतरली आणि प्रत्यक्षात अधिक अवघड झाली.

यावर उतारा त्याच शहरात आहे आणि तो दोन्ही खेळांत सारखाच राहिला आहे. दुकानाच्या वरच्या मजल्यावर उभा असलेला एक माणूस ड्राउझीच्या बदल्यात माचॉप देतो. माचॉप हा मारामारीच्या टाईपचा, म्हणजे नॉर्मल टाईपच्या मिल्टँकला त्याचा वार दुप्पट लागतो. त्याला दगडाचे वार निम्मेच लागतात, म्हणजे रोलआउटचा दातच पडतो. मिळणारा माचॉप मादी असल्याने मोहाचा प्रश्न उरत नाही. आणि अदलाबदलीत मिळालेला पोकेमॉन अनुभवही दीडपट वेगाने मिळवतो. बनवणाऱ्यांनी कुलूप आणि किल्ली एकाच पेठेत ठेवली आहे. पण लहान मुले दुकानाचे मजले चढून लोकांशी बोलत बसत नाहीत. ती थेट जिममध्ये जातात आणि रडत बाहेर येतात.

नवा हिशेब जुन्या नकाशावर इथपर्यंत छान बसतो. तो कुठे बसत नाही हे पाहायचे तर लेव्हलचे गणित समजून घ्यावे लागते. पोकेमॉनला लढाई जिंकल्यावर अनुभवाचे गुण मिळतात. ढोबळ सूत्र असे : हरवलेल्या पोकेमॉनच्या जातीचा एक ठरलेला आकडा गुणिले त्याची लेव्हल, भागिले ७. समजा तो आकडा १४० आहे आणि रानात भेटलेल्या पोकेमॉनची लेव्हल २०, तर ४०० गुण मिळतात. आता वर चढायला किती लागतात? ऑनिक्स, हूटहूट यांसारख्या मध्यम गतीने वाढणाऱ्या जातींसाठी एखाद्या लेव्हलला लागणारे एकूण गुण म्हणजे त्या लेव्हलचा घन. लेव्हल ४० ला ६४,०००, लेव्हल ४१ ला ६८,९२१. म्हणजे एका पायरीसाठी ४,९२१ गुण. ४०० च्या हिशेबाने तेरा लढाया. सहाही पोकेमॉन एक-एक पायरी चढवायचे तर अठ्ठ्याहत्तर लढाया. घन करण्याचा हा स्वभावच असा की तुम्ही वर जाल तशी पायरी उंच होते, आणि तुमच्यासमोर येणारे पोकेमॉनही त्याच प्रमाणात वर गेले नाहीत तर तुम्ही अडकता.

जोटोमध्ये नेमके हेच घडते. चौथ्या जिमनंतर इक्रुटीक शहरातून दोन वाटा फुटतात. एक पश्चिमेला ऑलिव्हिन बंदराकडे आणि तिथून समुद्रापलीकडच्या सायनवुडला जाते, दुसरी पूर्वेला महॉगनीकडे. खेळाडू कोणतीही वाट आधी धरू शकतो, आणि ही मोकळीक हा १९९९ च्या खेळाचा मोठा गुण आहे. पण मोकळीक दिली की दोन्ही वाटांवरचे विरोधक सारखेच सोपे ठेवणे भाग पडते, कारण कोण कुठून येईल हे ठरलेले नाही. 'हार्टगोल्ड'मध्ये सायनवुडच्या चकचा मुख्य पोकेमॉन लेव्हल ३१, महॉगनीच्या प्राइसचा ३४, ऑलिव्हिनच्या जॅस्मिनचा ३५ असे जवळजवळ एका रांगेत आहेत, आणि त्या वाटांवरच्या रानात भेटणारे पोकेमॉन पंधरा-वीसच्या घरातले आहेत. तीन जिम होईपर्यंत खेळ जणू एकाच पायरीवर चालतो. मग अचानक आठवी जिम लीडर क्लेअर ४१ लेव्हलचा किंगड्रा घेऊन उभी राहते आणि तिच्यानंतर विजेता लान्स ५० लेव्हलचा ड्रॅगोनाइट काढतो. (लान्सकडे तीन ड्रॅगोनाइट आहेत आणि एकही ५० च्या वरचा नाही, तर खेळाच्याच नियमानुसार ड्रॅगोनेअर या पोकेमॉनचे ड्रॅगोनाइटमध्ये रूपांतर ५५ व्या लेव्हलला होते. विजेत्याला नियम लागू नसतात, हे मुलांना फार लवकर कळते.)

रीमेक करताना हा दोष काढता आला असता. रानातल्या पोकेमॉनच्या लेव्हली वाढवणे हे चित्रे नव्याने काढण्यापेक्षा खचितच सोपे काम आहे. पण जुन्या नकाशाशी प्रामाणिक राहण्याच्या भरात रान जवळपास जसेच्या तसे ठेवले गेले, आणि वर बसलेले लीडर मात्र नव्या वारांनी, गुणांनी आणि फळांनी सज्ज झाले. अंतर कमी होण्याऐवजी वाढले. आपल्याकडे अनेकांनी हा खेळ संगणकावर एम्युलेटरमध्ये वेग चौपट करून खेळला आणि त्यांना हा दोष कधी जाणवलाच नाही. मी स्वतः वापरलेला डीएस मिळवून तो खऱ्या वेगाने खेळलो, तेव्हा क्लेअरच्या आधीच्या बर्फाळ गुहेत झुबॅटचे थवे पाडण्यात माझ्या तीन संध्याकाळी गेल्या.

नकाशाची एक बाजू मात्र रीमेकने मनापासून दुरुस्त केली, आणि तिचे कारण समजायला मूळ कार्ट्रिजमध्ये, आपल्याकडे जिला सरसकट 'कॅसेट' म्हणत तिच्यात, जागा किती होती ते पाहावे लागते. मूळ खेळ १ मेगाबाइटमध्ये बसवलेला होता. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही त्यात मावत नाही. त्या जागेत जोटो हा संपूर्ण नवा प्रदेश, २५१ पोकेमॉन आणि वर पहिल्या खेळातला कांटो हा जुना प्रदेश असे सगळे कोंबलेले होते. पुढे निन्टेन्डोचे अध्यक्ष झालेल्या सातोरू इवाता यांनी चित्रे दाबून लहान करण्याची साधने या खेळासाठी तयार केली होती. त्यांच्यामुळेच कांटो बसवता आला, असे चाहते छातीठोकपणे सांगतात. नोंदलेली गोष्ट चित्रांच्या साधनांपुरती आहे, आणि तेवढीही कमी नाही.

कांटो बसला, पण अंग चोरून. व्हिरिडियनचे घनदाट अरण्य साध्या रस्त्यात मिसळून गेले, सफारी झोन बंद पडला, लॅव्हेंडर गावातल्या पोकेमॉनच्या स्मशानमनोऱ्याच्या जागी रेडिओ केंद्र आले, सिरुलियनची गुहा नाहीशी झाली आणि सिनाबार बेट ज्वालामुखीने गिळले. जागेची टंचाई कथेच्या वेशात आली होती. 'हार्टगोल्ड'ची कार्ट्रिज १२८ मेगाबाइटची, म्हणजे मूळच्या १२८ पट. त्यामुळे अरण्य परत आले, सिरुलियनच्या गुहेचे दार उघडले आणि आत लेव्हल ७० चा म्यूटू पुन्हा बसलेला सापडला. सफारी झोन जोटोत आला. सिनाबार मात्र नव्या खेळातही जळालेलेच आहे. ज्वालामुखी एकदा फुटला तो फुटला. तिथल्या जिमचा म्हातारा ब्लेन समुद्रातल्या सीफोम बेटावरच्या गुहेत जिम चालवतो. हा निर्णय मला फार योग्य वाटतो, कारण जागेअभावी सुचलेली ती गोष्ट दहा वर्षांत लोकांच्या मनात खरी होऊन बसली होती.

घड्याळाची गोष्टही थोडीफार अशीच आहे. मूळ खेळात दिवस-रात्र आणि आठवड्याचे वार खऱ्या घड्याळाप्रमाणे चालत. युनियन गुहेच्या तळाशी लाप्रस फक्त शुक्रवारी दिसतो, आणि किडे पकडण्याची स्पर्धा मंगळवारी, गुरुवारी व शनिवारी भरते. यासाठी कार्ट्रिजमध्येच घड्याळ होते, आणि ते ज्या गोल बॅटरीवर चालायचे तिच्यावरच खेळाची साठवलेली प्रगतीही अवलंबून होती. घड्याळ रात्रंदिवस बॅटरी खात राहायचे. ती संपली की घड्याळ थांबायचे आणि साठवलेला खेळही पुसला जायचा. नव्या खेळात घड्याळ यंत्राचे आहे आणि प्रगती बॅटरी न लागणाऱ्या स्मृतीत राहते. लाप्रस आजही शुक्रवारीच येतो, पण त्याची किंमत आता कोणाच्या जुन्या पोकेमॉनना मोजावी लागत नाही.

बाकीच्या सोयी झटपट सांगता येतील. संघातला पहिला पोकेमॉन तुमच्या मागोमाग चालतो आणि मागे वळून त्याच्याशी बोलता येते. हा सगळ्यांना आवडलेला बदल आहे आणि तो आवडण्यासारखाच आहे. सोबत पोकेवॉकर नावाचे पावले मोजणारे यंत्र मिळते. त्यात पोकेमॉन ठेवून तुम्ही फिरायला गेलात की त्याला पावलागणिक अनुभव मिळतो, पण एका फेरीत एकाच लेव्हलपुरता, म्हणजे शनिवारवाड्याला शंभर प्रदक्षिणा घातल्या तरी क्लेअर सोपी होणार नाही. जपानबाहेरच्या आवृत्त्यांतून नाणी टाकून खेळायची जुगारयंत्रे काढून टाकली आणि त्यांच्या जागी 'व्होल्टॉर्ब फ्लिप' हे पाच बाय पाच चौकटींचे तर्ककोडे ठेवले. नाइलाजाने ठेवलेली ही गोष्ट मूळ यंत्रांपेक्षा कितीतरी चांगली निघाली.

जुन्या नकाशावर नवा हिशेब ठेवला की गणित कुठल्याही बाजूला बिघडू शकते, याचे उलटे उदाहरण २०२१ साली आले. 'ब्रिलियंट डायमंड' आणि 'शायनिंग पर्ल' या रीमेकमध्ये नकाशा आणि विरोधक बरेचसे जुने ठेवून, एका पोकेमॉनने मिळवलेला अनुभव सगळ्या संघाला वाटण्याचा नवा नियम लावला आणि तो बंद करण्याची सोय दिली नाही. वर मांडलेल्या अठ्ठ्याहत्तर लढायांचा प्रश्न त्याने मिटला खरा, पण जुने विरोधक आता फार खाली राहिले आणि बराचसा खेळ हातात मऊ पडला. जोटोत रान खाली राहिले होते, इथे माणसे खाली राहिली.

'हार्टगोल्ड'मध्ये हे सगळे धागे सिल्व्हर पर्वताच्या माथ्यावर एकत्र येतात. जोटोचे आठ आणि कांटोचे आठ असे सोळाही बॅज मिळाल्यावर तिथे जाता येते, आणि वर रेड उभा असतो, म्हणजे १९९६ च्या पहिल्या खेळातला तुम्हीच. त्याच्या आधीचा सर्वांत तगडा जिम लीडर ब्लू. त्याचा सर्वांत मोठा पोकेमॉन जुन्या खेळात ५८ चा होता, नव्यात ६० चा आहे. रेडचा पिकाचू जुन्या खेळात ८१, नव्यात ८८. म्हणजे मधली दरी २३ वरून २८ झाली. ती भरायला पर्वतावरचे रान अपुरे आहे. ४५ लेव्हलचे, १४० आकड्याचे पोकेमॉन मारत मध्यम गतीचा एक साथीदार ६० वरून ८० ला न्यायचा तर २,९६,००० गुण हवेत, आणि दर लढाईला ९०० मिळतात. ३२९ लढाया, त्याही एकट्यासाठी. म्हणून एलिट फोरशी पुन्हा पुन्हा लढणे हाच शहाणा मार्ग ठरतो, कारण सोळा बॅजनंतर त्यांचे संघ बदललेले असतात आणि त्यांच्या लेव्हली साठीच्या घरात गेलेल्या असतात. ही दुसरी फेरी नव्या खेळाची देणगी आहे, आणि तिच्यावाचून रेडपर्यंतची चढण निव्वळ शिक्षा झाली असती.

माथ्यावर आता गारा पडत असतात. जुन्या खेळात तिथे हवामान नव्हते. गारांत बर्फाचे नसलेले सगळे पोकेमॉन दर पाळीला आपल्या जिवाचा सोळावा हिस्सा गमावतात, रेडचेही आणि तुमचेही. पण २००६ पासूनच्या नियमाने गारपिटीत 'ब्लिझार्ड' हा एरवी शंभरात तीस वेळा हुकणारा बर्फाचा वार कधीच हुकत नाही. रेडच्या संघातून जुना एस्पिऑन गेला आहे आणि त्याच्या जागी लाप्रस आला आहे. लाप्रसला ब्लिझार्ड येतो, स्नॉरलॅक्सला येतो, ब्लास्टॉइजलाही येतो. जुन्या खेळात ड्रॅगनचा संघ घेऊन तुम्ही इथे चालून आला असाल तर या वेळी तो खाली ठेवा. जमिनीचा एखादा जाडजूड पोकेमॉन पिकाचूसाठी आणि गारांना दाद न देणारा एखादा बर्फाचा पोकेमॉन सोबत घ्या. हरलात तर रेड काही बोलत नाही. जिंकलात तरी तीन टिंबांपलीकडे काही बोलत नाही. पडदा काळा होतो, पुन्हा उजळतो तेव्हा माथा रिकामा असतो, आणि नामावली सरकू लागते.